ओहोटीला उघडा पडणारा चिखल 'पडीक' असतो का?

ओली_रेती
परवा भावोजींशी वाद झाला, माझ्याकडे धड उत्तर नव्हतं आणि तो विषय काही डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा काढतेय.

विषय असा की समुद्राच्या कडेला, नदीच्या मुखाशी चिखलाचा जो मोठा सपाट पट्टा असतो, भरतीला पाण्याखाली आणि ओहोटीला उघडा, तिथे बांध घालून किंवा भराव टाकून जमीन करायची. भावोजींचं म्हणणं, "तिथे झाड नाही, घर नाही, पीक नाही, नुसता चिखल. जंगल तोडण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं, कोणाचं काय जातं?" मी म्हटलं पक्ष्यांचं जातं, तर म्हणाले पक्ष्यांना पंख असतात, जातील पलीकडे.

मला मनातून माहीत आहे की हे चूक आहे. पण चूक म्हणजे नक्की कुठे, ते सांगता येईना. भरती अडवली की काय काय मरतं, कशामुळे मरतं, किती दिवसांत मरतं? ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहा प्लीज. आणि भावोजींच्या बाजूचं कोणी असेल तर त्यांनीही लिहा, मला दोन्ही ऐकायचंय.

जुई_प
वाचतेय. चांगला विषय.

स्थापत्य_अविनाश
भावोजींच्या बाजूनं मी बोलतो. सिव्हिलवाला आहे, दोन बंदरांच्या भरावावर काम केलंय. जमीन लागतेच हो, ती आणायची कुठून? डोंगर फोडला तरी ओरड, शेतजमीन घेतली तर माणसं देशोधडीला लागतात. नेदरलँड्सकडे बघा, 1932 मध्ये 32 किलोमीटरचा आफ्सलाउटडाइक हा बांध घालून अख्खा झाउडरझी हा समुद्राचा फाटा बंद केला, त्यातून पुढे फ्लेव्होलँड हा पूर्ण प्रांत उभा राहिला, लोक राहतात, शेती करतात. 1953 च्या वादळात त्याच देशात 1800 च्या वर माणसं गेली होती हेही विसरू नका, समुद्र अडवणं ही त्यांच्यासाठी चैन नव्हती. मी पर्यावरणाच्या विरोधात नाही, पण चिखल म्हणजे देवराई असल्यासारखं बोलायला लागलो तर कुठलंच काम होणार नाही.

पाणपक्षी
अविनाशदादा, जमीन लागते हे मान्य. पण "नुसता चिखल" यावर मला बोलायचंय. मी गेली बारा-तेरा वर्षं ओहोटीच्या वेळा बघून पक्षी मोजायला जातो.

एकदा तिथे उकिडवं बसून बघा, उभं राहून नाही, बसून. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही. मग कानाला बारीक चटचट आवाज यायला लागतो, तेल तापल्यासारखा, तो भोकांतून सुटणाऱ्या बुडबुड्यांचा आणि खेकड्यांच्या हालचालींचा असतो. मग दिसतं की सगळी जमीन भोकांची आहे, कुठे वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी, कुठे शेवयांसारखी गुंडाळी, ती किड्यानं आतून चिखल खाऊन वर टाकलेली. आणि चिखलावर एक सोनेरी-तपकिरी साय दिसते, उन्हात चमकते. ती म्हणजे डायटम, सूक्ष्म शेवाळं. ओहोटीला ती वर येतात, ऊन खातात आणि पाणी परत यायच्या आधी चिखलात खाली उतरतात! हेच तिथलं गवत, हेच तिथलं जंगल, फक्त ते उंचीला मिलिमीटरभर असल्यामुळे भावोजींना दिसत नाही. किडे, गोगलगायी, शिंपल्या हेच खातात, आणि काही छोटे तुतवार पक्षी तर सरळ ही साय चाटून खातात, त्यांच्या जिभेला त्यासाठी ब्रशसारखे केस असतात.

झाड नाही म्हणून तिथे काही नाही असं म्हणणं म्हणजे कुरणात झाड नाही म्हणून गाई उपाशी आहेत म्हणण्यासारखं आहे.

चित्कला
ती साय मी पाहिलीय!! तेलाचा तवंग समजले होते, वाईट वाटलं होतं की कोणीतरी घाण सोडलीय. आज कळलं.

वल्हं
मी मासेमारीवाल्या घरातला आहे, पुस्तकी बोलता येणार नाही पण सांगतो. मोठा मासा खोल पाण्यात मिळतो म्हणून लोकांना वाटतं तो तिथेच होतो. तसं नाही. पिल्लं उथळात वाढतात. भरतीबरोबर आत शिरतात, चिखलावर खातात, ओहोटीला परत चरीत उतरतात. उथळ पाणी गरम असतं, खायला भरपूर, आणि मोठ्या माशाला तिथे शिरता येत नाही. कोळंबीचंही तसंच. तो पट्टा बुजवला की जाळं लगेच रिकामं होत नाही, दोन-चार वर्षांनी होतं, आणि तोपर्यंत बांध घालणारा निघून गेलेला असतो. मग आम्हाला सांगतात तुम्हीच जास्त मासे मारले.

पाणपक्षी
वल्हं यांना अनुमोदन. युरोपात वाडन समुद्र म्हणून पट्टा आहे, नेदरलँड्स-जर्मनी-डेन्मार्क असा सलग, पहिल्या दोघांचा भाग 2009 पासून जागतिक वारसा, डेन्मार्कचा 2014 पासून. उत्तर समुद्रातल्या प्लेस आणि सोल या चपट्या माशांचं बालपण तिथेच जातं.

स्थापत्य_अविनाश
ठीक आहे, जीव आहेत हे मान्य. पण ओली_रेती यांच्या भावोजींचा मुद्दा तसाच आहे. पंख असलेले पलीकडे का जाऊ शकत नाहीत? किनारा काही एवढासा नाही.

शुद्धलेखन_नको
थोडं अवांतर. ह्या जागेला मराठीत म्हणायचं काय? खाजण म्हटलं की तिवरं डोळ्यासमोर येतात, दलदल म्हटलं की डास, पुळण म्हटलं की कोरडी वाळू. "आंतरभरती क्षेत्र" हे शाळेच्या पुस्तकातलं. उघड्या चिखलाच्या पट्ट्याला सुटसुटीत नाव नाही म्हणूनच कागदावर पटकन "पडीक" लिहिता येतं असं मला वाटतं.

वल्हं
नाव नाही असं नाही, तुम्हाला माहीत नाही. जे त्यावर चालतात त्यांच्याकडे प्रत्येक चरीला, प्रत्येक उंचवट्याला नाव असतं, कुठे गुडघाभर रुततं, कुठे वाळू लागते, कुठल्या जागी पाणी मागून वेढा घालतं. एका मैलात दहा नावं. पण ती नकाशावर कोणी लिहून घेतली नाहीत.

शुद्धलेखन_नको
हे बरोबर बोललात. माझा मुद्दा मागे घेतो. ती नावं तुम्ही लिहून काढा ना कुठेतरी, मनापासून सांगतोय.

पाणपक्षी
अविनाशदादांच्या प्रश्नाकडे येतो, सविस्तर लिहितो, जरा लांबेल.

"पक्षी पलीकडे जातील" हे खरं आहे का हे लोकांनी मोजून पाहिलंय. वेल्समध्ये कार्डिफ उपसागरावर 1999 मध्ये बंधारा पूर्ण झाला, आतला चिखल कायमचा गोड्या पाण्याखाली गेला. तिथे रेडशँक नावाचा लाल पायांचा पक्षी हिवाळा काढायचा. संशोधकांनी आधीच त्यांच्या पायात रंगीत कड्या घातल्या होत्या त्यामुळे कोण कुठे गेलं ते कळलं. पक्षी खरंच गेले, शेजारच्या नदीमुखाशी. म्हणजे भावोजी बरोबर! पण तिथे आधीचे पक्षी होतेच, आणि नव्यांना पुरेसं खायला मिळेना, हिवाळ्यात वजन राखता येईना, आणि त्यांचं वर्षभर जगण्याचं प्रमाण साधारण 85 टक्क्यांवरून 78 वर आलं. पलीकडची जागा रिकामी नसते. ती रिकामी असती तर पक्षी आधीच तिथे नसते का गेले?

आणि हे जवळच्या जवळ हलणाऱ्या पक्ष्याचं झालं. लांब जाणाऱ्यांचं गणित आणखी कठीण. बार-टेल्ड गॉडविट घ्या. 2007 मध्ये ई-7 नावाच्या एका मादीवर ट्रान्समीटर होता. ती मार्चमध्ये न्यूझीलंडहून उडाली आणि 10 हजारांवर किलोमीटर कुठेही न थांबता यालू नदीच्या मुखाशी, पिवळ्या समुद्राच्या चिखलावर उतरली. तिथे खाऊन मग अलास्काला अंडी घालायला, आणि परतीला अलास्काहून थेट न्यूझीलंड, 11 हजारांवर किलोमीटर. उडण्याआधी ही मंडळी आपलं आतडं-जठर आक्रसून घेतात, वजन कमी व्हावं म्हणून. म्हणजे उतरतात तेव्हा अंगात चरबी नाही, पोटाची यंत्रणा लहान झालेली. त्या अवस्थेत समोर सिमेंटची भिंत असेल तर "पलीकडे" म्हणजे कुठे?

पिवळ्या समुद्राभोवती, चीन आणि दोन्ही कोरियांच्या किनाऱ्याला मिळून, पन्नास वर्षांत असे चिखलपट्टे 65 टक्क्यांपर्यंत गेलेत असा जुने नकाशे आणि उपग्रह चित्रं ताडून काढलेला अंदाज 2014 मध्ये आला. अर्ध्या जगाच्या प्रवासात मधलं एकच जेवणाघर, आणि त्याच्या तीन भिंतींतल्या दोन पाडलेल्या.

जुई_प
आतडं आक्रसून घेतात?? मी ही ओळ तीनदा वाचली.

पाणपक्षी
हो जुईताई. आणि नॉट नावाचा पक्षी शिंपली अख्खी गिळतो, कवचासकट, आणि पोटातल्या पेषणीत फोडतो. शिंपल्या जाड कवचाच्या असल्या की पेषणी मोठी करून घेतो, मऊ खाद्य असलं की लहान. याची चोच तर आणखी नवलाची, चोचीच्या टोकाला दाब ओळखणारी इंद्रियं असतात. ओल्या वाळूत चोच खुपसली की कणांमधल्या पाण्यात दाब तयार होतो आणि शिंपली असेल तिथे तो वेगळा लागतो, म्हणजे न शिवता कळतं. पण हे फक्त ओल्या मातीत चालतं. पाणी अडवून माती कोरडी केली की शिंपली जागेवर असली तरी पक्षी आंधळा.

दर्यावर्दी
मी मर्चंट नेव्हीत होतो, कोरियाला बऱ्याच फेऱ्या झाल्या, जहाज दुरुस्तीला लागलं असताना एकदा सुट्टीत सेमांगुमचा बांध बघायला गेलो होतो. हा जगातला सर्वांत लांब समुद्री बांध, 33.9 किलोमीटर. गाडीनं जाताना एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला पण पाणीच, पण दोन पाण्यांचा रंग वेगळा. बाहेरचं हलत होतं, आतलं नव्हतं. मला इतकी वर्षं समुद्राची सवय, हलत नसलेलं एवढं पाणी बघून छातीत कसंतरी झालं, मी गाडी थांबवून थोडा वेळ नुसता बघत राहिलो.

1991 ला काम सुरू झालं, दोन नद्यांची मुखं आत, 400 चौरस किलोमीटर. मूळ कारण सांगितलं भातशेतीला जमीन. पण बांध पूर्ण होईपर्यंत त्या देशात भात खाणंच कमी झालेलं, मग आराखडा बदलला, शेती कमी आणि उद्योग-पर्यटन जास्त. 2003 मध्ये एक बौद्ध भिक्खू आणि एक कॅथलिक पाद्री आणि बाकी लोक सेमांगुमपासून सोलपर्यंत तीन पावलं चालायचं आणि एक साष्टांग नमस्कार घालायचा असं 65 दिवस, 300 किलोमीटर गेले. कोर्टकचेऱ्या झाल्या, 2006 च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं सरकारच्या बाजूनं निकाल दिला आणि एप्रिलमध्ये शेवटची फट बुजवली.

2023 ला त्याच भराव जमिनीवर जागतिक स्काऊट मेळावा भरवला होता, आठवत असेल, सावलीला झाड नाही, पाण्याचा निचरा नाही, पोरं उन्हानं आजारी पडली आणि मग वादळ येतंय म्हणून सगळा तळ हलवावा लागला.

पाणपक्षी
दर्यावर्दीकाका, छान लिहिलंत. त्याच्या पुढचं मी सांगतो. फट बुजवल्यावर पुढची दोन वर्षं पक्षी मोजले गेले. ग्रेट नॉट या एकाच जातीचे सुमारे 90 हजार कमी भरले. शेजारच्या खाड्यांमध्ये तेवढे वाढले का? नाही वाढले. हेच पक्षी वर्षाचे बाकीचे महिने ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर काढतात, तिथल्या मोजणीतही घट दिसली. म्हणजे ते कुठे पलीकडे गेले नव्हते. 2015 मध्ये ग्रेट नॉट धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला.

ओली_रेतीताई, भावोजींना हे एवढं एक उदाहरण सांगितलं तरी पुरे.

मातीतला_माणूस
पक्ष्यांवर भरपूर झालं, मातीवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझं काम मातीच्या प्रयोगशाळेत.

भरतीच्या चिखलात वरचा पापुद्रा सोडला तर आत ऑक्सिजन नसतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, ते तिथले जिवाणू वापरतात, आणि लोखंडाशी जुळून पायराइट हे लोखंड-गंधकाचं खनिज बनत राहतं, हजारो वर्षं. पाण्याखाली आहे तोवर ते कुणाला काही करत नाही. तुम्ही बांध घालून पाणी उपसलंत, माती वाळली, भेगा पडल्या, हवा आत गेली, की त्याच पायराइटचं सल्फ्युरिक आम्ल होतं. हो, बॅटरीत असतं तेच.

एकदा असा नमुना आला होता, निळसर काळा, लोण्यासारखा मऊ, सडक्या अंड्याचा वास. पीएच (आम्लतेचं माप, जितकं कमी तितकं आम्ल जास्त) जवळजवळ सात, म्हणजे अगदी गरीब. आम्ही तो पातळ थरात ताटलीत ठेवला, मधूनमधून ओला करत. काही आठवड्यांनी भेगांच्या कडेला वाळक्या गवताच्या रंगाचे पिवळे डाग उठले आणि पीएच चारच्या खाली. त्यात काय पीक येणार? अशा मातीतून अॅल्युमिनियम सुटतं, मुळं जळतात, पहिल्या मोठ्या पावसात ते आम्ल नाल्यात उतरतं आणि मासे मरतात, सिमेंटचे पाइप खातं. शेतीसाठी म्हणून मिळवलेली जमीन शेतीलाच नको होते. डच लोकांना हे शेकडो वर्षं माहीत आहे, या मातीला त्यांच्याकडे खास शब्द आहे, "काटेक्लाय", म्हणजे मांजरमाती.

शिवाय वाळलेली माती खचते. बाहेर समुद्र भरतीगणिक गाळ टाकून पट्टा उंचावत असतो, आत गाळ यायचा बंद आणि जमीन खाली जातेय. मग पंप, आणखी उंच बांध, आणखी पंप. अविनाशजी, हे मेंटेनन्स तुमच्या अंदाजपत्रकात किती वर्षांचं धरतात?

स्थापत्य_अविनाश
प्रामाणिकपणे सांगतो, मी पाहिलेल्यात फार लांबचं धरलं नव्हतं. आम्ही मात्र उपसलेली जमीन नव्हे, वर भराव टाकलेली जमीन करायचो, तिथे आम्लाचा प्रश्न कमी कारण चिखल दाबलेला राहतो. पण भरावाचा वेगळा प्रश्न असतो, भूकंपात पाणी भरलेला सैल भराव पातळ होतो. 1995 ला कोबेच्या बंदरात तेच झालं, 2011 ला टोकियोजवळ उरायासूमध्ये रस्त्यातून चिखल वर आला, घरं कलली. हे आम्हाला शिकवतात. बाकी तुम्ही म्हणता ते मातीचं रसायन आम्हाला एक तासात उरकलं होतं.

दलदलीतून
नेहमी वाचनमात्र असतो, आज लिहावंसं वाटलं. काही वर्षांपूर्वी मी एका कन्सल्टंटकडे नोकरीला होतो, पर्यावरण अहवाल करायचो. एका भरावाच्या जागेचा पक्षी सर्व्हे होता. आमची गाडी सोयीच्या वेळी निघायची, ऑफिसच्या वेळेत, आणि आम्ही दोन्ही दिवस पोचलो ते ऐन भरतीला. समोर नुसतं पाणी. वरिष्ठ म्हणाले जे दिसतंय ते लिही. मी लिहिलं, बगळे चार, बाकी उल्लेखनीय काही नाही. अहवालात ते "जैवविविधता कमी" असं झालं. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच्या गाडीनं ओहोटीला गेलो तर मोजता येईनात इतके पक्षी, सगळा पट्टा हलत होता. मी फोटो दाखवले, म्हणाले रिपोर्ट गेला. मी नंतर ती नोकरी सोडली पण तो कागद माझ्या नावचा आहे आणि ते अजून सलतं.

दुसरं असं की प्रत्येक अहवाल एकेका तुकड्याचा असतो. हा तुकडा एकूण पट्ट्याच्या दोन टक्के, परिणाम नगण्य. पुढचा तुकडा परत दोन टक्के, परत नगण्य. बेरीज करायची जबाबदारी कोणाच्याच टेबलावर नसते.

वल्हं
दलदलीतून, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत भाऊ. आमच्याकडून कोणी असं कबूल केलेलं मी पहिल्यांदा ऐकतोय.

चित्कला
जपानमधलं इसाहायाचं कोणीतरी लिहाल का? मला फक्त एवढं आठवतंय की टीव्हीवर पत्रे एकापाठोपाठ एक पाण्यात पडताना दाखवले होते.

दर्यावर्दी
हो, 14 एप्रिल 1997. आरिआके समुद्राचा फाटा. 293 पोलादी पत्रे ओळीनं पाण्यात सोडले, साधारण 45 सेकंदांत भरती बंद. तिथले लोक त्याला गिलोटिन म्हणतात. आतला चिखल भेगाळला, निवटीसारखे मासे, शिंपल्या उघड्यावर मेल्या. पण खरी गोष्ट पुढची आहे. बांधाच्या बाहेर, जिथे कोणी काही बुजवलं नव्हतं, तिथे 2000-01 च्या हिवाळ्यात नोरी या खायच्या शेवाळाचं पीक रंग उडून बसलं, मोठ्या शिंपल्या मिळेनाशा झाल्या. मच्छीमार होड्या घेऊन बांधावर धडकले. बांधामुळेच झालं का यावर तिथे आजवर भांडण आहे. 2010 ला वरच्या कोर्टानं दारं उघडा म्हटलं, 2013 ला दुसऱ्या कोर्टानं आत शेती करणाऱ्यांच्या अर्जावर उघडू नका म्हटलं. सरकार दोन्हींच्या कात्रीत, उघडलं तर एकाला दंड, नाही उघडलं तर दुसऱ्याला. शेवटी 2023 मध्ये न उघडण्यावर शिक्कामोर्तब झालं. मला वाईट याचं वाटतं की दोन्हीकडे साधी माणसं, एक नांगरवाला, एक जाळंवाला, आणि ज्यांनी पत्रे सोडले ते भांडणात कुठेच नाहीत.

मातीतला_माणूस
बाहेर परिणाम का होतो ते थोडक्यात. भरती म्हणजे रोज दोनदा आत-बाहेर होणारं प्रचंड पाणी. त्यातला मोठा हिस्सा चिखलपट्ट्यावर पसरत असतो. पट्टा काढून घेतला की तेवढं पाणी येणं-जाणं थांबतं, प्रवाह मंदावतो, तळाशी ऑक्सिजन कमी पडतो, चरी गाळानं भरतात. शिवाय चिखलातले जिवाणू शेतातून वाहून आलेल्या खतातलं नायट्रोजन हवेत परत सोडत होते, किडे-खेकडे बिळं खणून आत हवा नेत होते म्हणून ते शक्य होतं. ती सगळी सफाई बंद. खत मात्र येतच राहतं.

स्थापत्य_अविनाश
हे मला पटलं. आणि माझंच डच उदाहरण जरा नीट वाचलं, तर त्यात माझ्या विरुद्धची गोष्ट निघाली, ती पण सांगतो. 1953 नंतर ऑस्टरस्केल्डे हे नदीमुख पूर्ण बंद करायचं ठरलं होतं, काम सुरूही झालं होतं. कालवंवाले मच्छीमार आणि निसर्गवाले रस्त्यावर आले. मग आराखडा बदलून 62 पोलादी दारांचा अडसर केला, दारं एरवी उघडी, वादळातच पाडायची. 1986 ला पूर्ण झालं. खर्च खूप वाढला पण भरती वाचली, आणि माणसंही सुरक्षित. मला इंजिनियर म्हणून ते काम फार सुंदर वाटतं.

तरी गंमत बघा, खांबांमुळे पाण्याची वाट थोडी अरुंद झाली एवढ्यानंसुद्धा चरी आता पाण्याच्या मानानं मोठ्या पडतात, त्या पट्ट्यांवरची वाळू ओढून घेतात आणि परत टाकायला प्रवाहात जोर नाही. पट्टे झिजतायत. डच लोक याला वाळूची भूक म्हणतात. 2019 मध्ये एका पट्ट्यावर बाहेरून वाळू आणून टाकायला लागले. इतकं जपून करूनही हे, तर सरसकट बंद केल्यावर काय होत असेल.

जुई_प
अविनाशदादा, तुम्ही स्वतः शोधून लिहिलंत, खूप आवडलं.

ओली_रेती
सगळ्यांचे मनापासून आभार, मी दोन दिवस हे सगळं वाचतेय. काल भावोजींना फोन करून रेडशँकचं आणि 90 हजारांचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पलीकडे जागा भरलेली असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं." आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला, की चूक झाली असं कळलं तर बांध फोडून परत मिळतं का? आता हे सांगा.

पाणपक्षी
काही प्रमाणात मिळतं. इंग्लंडमध्ये वॉलासी बेटावर जुना बांध 2015 ला मुद्दाम फोडला. पण आधी सांगितलं तसं आतली जमीन शतकांत खचली होती, नुसता बांध फोडला असता तर चिखलपट्टा न होता खोल तळं झालं असतं. म्हणून लंडनच्या रेल्वे बोगद्यातून निघालेली 30 लाख टन माती बोटीनं आणून आधी उंची भरून काढली. पक्षी आले. पण बघा किती खटाटोप.

चीननं 2018 मध्ये धंद्यासाठीचे भराव बंद केले, पुढच्या वर्षी पिवळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरचे काही पट्टे जागतिक वारसा झाले, कोरियाचे 2021 ला. हे झालं म्हणून थोडी आशा वाटते.

चित्कला
जपानचंच एक चांगलं उदाहरण मी शोधलं, नागोयातलं फुजिमाए. शेवटचा उरलेला पट्टा कचरा टाकून बुजवायचा होता. लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केला, 1999 ला बेत रद्द झाला. मग कचरा टाकायचा कुठे? तर शहरानं कचऱ्याची आणीबाणी जाहीर केली आणि घरोघर वर्गीकरण सुरू केलं. 2002 ला पट्टा रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत. जागा नाही म्हटल्यावर कचराच कमी केला.

दर्यावर्दी
परत मिळण्याबद्दल एक कोरियाचंच. सिहवा म्हणून जागा, 1994 ला 12.7 किलोमीटरचा बांध पूर्ण केला, आत गोड्या पाण्याचं तळं करायचं होतं शेतीसाठी. दोन वर्षांत पाणी इतकं सडलं की दारं उघडून समुद्राचं पाणी आत घ्यावं लागलं, आणि पुढे गोड्या पाण्याचा नाद सोडून दिला. 2011 पासून तिथे भरतीवर वीज होते, 254 मेगावॅट, जगातलं सर्वांत मोठं केंद्र. पाणी परत ये-जा करायला लागल्यावर आतलं बरंच सुधारलं. बुजवलेलं परत आलं नाही, पण जे पाण्याखाली होतं ते जिवंत झालं.

मातीतला_माणूस
म्हणजे भावोजींना उत्तर असं द्या, भरती परत आत घेता येत असेल तर काही मिळतं, आणि लवकर केलं तर जास्त. माती खचायच्या आणि आंबायच्या आत. वर भराव आणि इमारती झाल्या की मग नाही. 2019 मध्ये जगभरचे पट्टे उपग्रहातून मोजले, पुरेशी चित्रं होती त्या भागांत 1984 ते 2016 मध्ये 16 टक्के गेलेले दिसले. त्यातले किती अजून नुसते बांधाआड आहेत आणि किती इमारतींखाली, हा मला महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

ओली_रेती
सांगितलं. भावोजी म्हणतात त्यांना ती सोनेरी साय बघायचीय. पाणपक्षी, ओहोटीनंतर किती वेळानं जायचं?

पाणपक्षी
नंतर नाही, आधी. पाणी उतरायला लागल्यावर लगेच पोचा, ऊन असेल तर ओहोटीच्या तळाच्या तासभर आधीपासून साय चांगली दिसते, आणि पाणी वळायच्या आत ती खाली जायला लागते. मागून चर भरत येते त्याकडे लक्ष ठेवा, वल्हं यांना विचारून वाट ठरवा. आणि भावोजींना सांगा, उकिडवं बसायचं.

वल्हं
मी येतो बरोबर. चपला गाडीत ठेवा, अनवाणी यायचं.